आमच्या घरचा चेहरा

४ नोव्हेंबर

पोचले. दोन बॅगा, एक हत्यारांची पेटी, सगळं शाबूत. बस अकरा मिनिटं लवकर आली, तरी आत्या थांब्यावर आधीच उभी होती. तिने माझा हात धरला तो थांब्यापासून घरापर्यंत, पायऱ्या चढून थेट स्वयंपाकघरातल्या खुर्चीपर्यंत. बॅग या हातातून त्या हातात घ्यायची म्हणून मी सोडवून घ्यायला गेले, तर म्हणाली, आमच्याकडे हात लवकर सुटत नाही बरं का. मी सव्वीस वर्षांची आहे. इतका वेळ माझा हात कुणी धरल्याची नोंद माझ्याकडे नाही.

बाबांबद्दल आईने आयुष्यभरात दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ते चौतिसाव्या वर्षी झोपेत गेले. दोन, त्यांच्याकडची माणसं फार धरून ठेवतात. दुसरी गोष्ट ती तक्रारीच्या सुरात सांगायची. मागच्या हिवाळ्यात ती गेली आणि तिच्या कपाटात आत्याची अकरा पत्रं निघाली, एकही फोडलेलं नव्हतं. मी फोडली. प्रत्येकाच्या शेवटी तेच : पोरीला पाठव, तिची खोली तशीच आहे. म्हणून इथल्या हॉस्पिटलात जागा निघाली तशी मी अर्ज केला. खोली खरंच तशीच आहे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझ्या उंचीची खूण आहे, मी दोन वर्षांची असतानाची. पट्टी लावून पाहिली. ८४ सेंटिमीटर.

घरात माणसं चार. आत्या. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, एकटा जीव. तळमजल्यावर त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. ताई, म्हणजे आत्याची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, सहावा महिना संपत आलेला. आणि तिचा नवरा, भावजी, गावभर पार्सलं पोचवणारी व्हॅन चालवतात. घरात मोठ्याने हसणारे ते एकटेच.

जिन्याच्या भिंतीवर पाच फोटो आहेत. पणजोबांपासून बाबांपर्यंत सगळ्यांचा चेहरा एकच : लांबट, कानशिलं आत गेलेली, पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. आत्या म्हणाली, हा आमच्याकडचा चेहरा. आदळआपट नाही, खिदळणं नाही. शांत. होस्टेलमध्ये मला 'पुतळा' म्हणायच्या, आखडू म्हणायच्या. इथे त्याच चेहऱ्याची एक भिंत आहे. मी बराच वेळ जिन्यात उभी होते.

५ नोव्हेंबर

या घरात सकाळ पाण्याने सुरू होते. टेबलाच्या मधोमध आत्या एक पसरट भांडं ठेवते, त्यात ऊन पाणी. सगळे भोवती बसून त्यात हात बुडवतात, मुठी उघडतात, मिटतात, आणि दिवसभरात काय करायचं ते बोलतात. चहा त्यानंतर. काका त्याला 'हात उघडणं' म्हणतो. आजोबांपासून चालत आलंय. भावजीही बुडवतात, पण ते म्हणतात की आपण फुकटात हात धुऊन घेतो.

मीही बुडवले. पाण्याचं तापमान विचारलं, तर ताई म्हणाली, अगं बाई, मोजपट्टीच आली की घरात. दुपारपर्यंत तेच माझं नाव झालं. हरकत घेतली नाही.

आणखी एक पाहिलं. घरात कुठेही फिरवायची गोल मूठ नाही. सगळ्या दारांना कोपराने दाबता येईल अशी लांब कडी आहे. बरण्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली. आजोबांनी एका वर्षात सगळी दारं बदलून घेतली म्हणे. का, ते कुणाला माहीत नाही. सोयीचं आहे, हे खरं.

८ नोव्हेंबर

उपकरण विभाग तळघरात आहे, धुलाईखान्याच्या शेजारी, त्यामुळे ऊब असते. आमच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते कुणालाही, अगदी बंद पडलेल्या लिफ्टलासुद्धा, प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगतात. माझ्याकडे हृदयाची यंत्रं दिली आहेत : ईसीजी आणि मॉनिटर.

मास्तरांची पद्धत अशी. दुरुस्त झालेलं यंत्र आधी सिम्युलेटरला, म्हणजे खोटे ठोके देणाऱ्या पेटीला जोडायचं. मग जिवंत माणसाला. खोट्या हृदयाला घाम येत नाही, शेवटी खरं लाव, असं ते म्हणाले. दोनदा. खरं हृदय म्हणजे तंत्रज्ञाचं स्वतःचं. मला पटलं.

१९ नोव्हेंबर

प्रसूती विभागाचं ईसीजी यंत्र आलं. केबल बदलली. सिम्युलेटरवर ठीक. मग स्वतःला जोडून पाहिलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेश पोचायला जो वेळ लागतो, तो यंत्राने २२८ मिलिसेकंद दाखवला. माझा आकडा १९८ आहे. प्रशिक्षणात आम्ही एकमेकींचे काढले होते. सर म्हणाले होते, दोनशेच्या आत आहे, पास. वहीत लिहिलेलं आहे.

तीस मिलिसेकंदांची चूक खपवून घेण्यासारखी नाही. सिम्युलेटर बरोबर म्हणतोय हे खरं, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली आहे. ज्याची मुदत संपली त्याच्या शब्दावर मी यंत्र वॉर्डात पाठवत नाही. पिवळी चिठ्ठी लावली : 'सदोष. वापरू नये.' खाली सही. त्याच विभागाचं दुसरं यंत्र वर जाऊन पाहिलं. २३०. त्यालाही चिठ्ठी. मास्तरांनी नवा सिम्युलेटर मागवला. सहा आठवडे लागतील. तोवर त्या विभागाने शेजारच्या वॉर्डाचं यंत्र मागून घ्यायचं.

काम नीट झाल्याचं समाधान वाटलं.

२७ नोव्हेंबर

इथल्या रीती आता कळू लागल्या आहेत. जेवताना बोलायचं नाही. सगळं मऊ शिजवलेलं असतं आणि प्रत्येक घास पाण्याबरोबर. काकाला ठसका लागला की सगळे घास थांबवून, खाली बघत, वाट पाहतात. कुणी पाठ थोपटत नाही, कुणी काही विचारत नाही. ठसका संपला की पुन्हा चमचे चालू. जेवण झाल्यावर काका आणि ताई बसल्या जागी झोपतात, पंधरा-वीस मिनिटं. भावजी म्हणाले की, आम्ही लग्न ठरवायला आलो तेव्हा बोलणी चालू असताना नवरी मुलगीच झोपली. मी म्हटलं, हिला माझा पूर्ण भरवसा वाटलेला दिसतो, हीच करायची. ताईने त्यांना उशी फेकून मारली. उशी तिच्या हातातून अंमळ उशिरा सुटली आणि भलतीकडेच, दिव्यावर गेली. सगळे हसलो. म्हणजे भावजी हसले. आम्ही आमच्या पद्धतीने हसलो.

काकाचे दोन्ही मोतीबिंदू चाळिशीच्या आतच काढले आहेत. आत्याचे चव्वेचाळिसाव्या वर्षी. आमच्याकडे लवकर पिकतात, असं ती एखाद्या झाडाबद्दल बोलावं तसं बोलली.

६ डिसेंबर

थंडी वाढली. दुकानात ताई पानांचे गठ्ठे शिवायला बसते. दोरा कापून झाला आणि कात्री तिच्या हातातच राहिली. बोटं मिटलेली. ती शांतपणे दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडत होती आणि मला काकाच्या खळीच्या डब्यात एकदा कसा उंदीर पडला ते सांगत होती. गोष्ट तिने थांबवली नाही. मी घड्याळ बघितलं : अकरा सेकंद. मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, छे गं, थंडीत सगळ्यांचंच होतं. सगळ्यांचं, म्हणजे तिला माहीत असलेल्या सगळ्यांचं.

डॉक्टरांनी सांगितलंय की पोटात पाणी प्रमाणापेक्षा जास्त आहे. बाळ फार हलत नाही. आत्या खूश आहे : शांत आहे, घराण्यावर गेलंय. ताईने माझा हात पोटावर ठेवून घेतला. वीस मिनिटं ठेवला. एकदाच काहीतरी हललं, पाण्यात कापड हलावं तसं.

संध्याकाळी मी खोलीत मूठ घट्ट आवळली आणि उघडली. चार सेकंद. खोली थंड होती.

१३ डिसेंबर

ताई दुकानात कोसळली. उभी होती, आणि नव्हती. मिनिटभरात उठून बसली, आधी पोट चाचपलं, मग म्हणाली, पुठ्ठ्याच्या ढिगावर पडले ते बरं, काकाच्या अंगावर पडले असते तर तो दबून पुस्तक झाला असता. भावजी तिला लगेच आमच्या हॉस्पिटलात घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढायला सांगितला.

तो निघाला नाही. शेजारच्या वॉर्डाचं यंत्र कामात होतं, दीड तास थांबा म्हणाले. ताई बाकावर बसल्या बसल्या झोपली. भावजींची व्हॅन चुकीच्या जागी उभी होती. पुढच्या खेपेला काढू, असं ठरवून दोघं घरी आले. ताई मला म्हणाली, काय गं मोजपट्टी, तुमच्याकडची दोन्ही यंत्रं बंद? पिवळ्या चिठ्ठीवर तुझीच सही. माझी बहीण आहे म्हणून मी तिथल्या सिस्टरला ऐटीत सांगितलं.

मी म्हटलं, नियम आहे.

२० डिसेंबर

आज सुट्टी. आत्याकडून तारखा काढून घेतल्या, सहज गप्पांत. पणजोबा : मोतीबिंदू साठीनंतर, गेले सत्तराव्या वर्षी. आजोबा : मोतीबिंदू बावन्न, एकोणसाठाव्या वर्षी खुर्चीत बसल्या जागी गेले. काका : बाविसाव्या वर्षी समोरचे केस गेले, एकोणचाळीस मोतीबिंदू. बाबा : चौतीस, झोपेत. आत्या म्हणते, आमच्याकडे मरण सुखाचं येतं, कुणी खितपत पडत नाही. ताई एकोणतीस, संध्याकाळी तिला दिव्यांभोवती कडी दिसतात.

मी हे सगळं वहीत ओळींनी मांडलं. मोजमापात सरकणारा आकडा लगेच ओळखू येतो. प्रत्येक पिढीत ते लवकर येतंय. काय येतंय ते मला माहीत नाही, पण येतंय. शेवटची ओळ रिकामी ठेवली आहे. तिला अजून नाव नाही.

वही उशीखाली ठेवली. मी असं कधी करत नाही.

२ जानेवारी

नवा सिम्युलेटर आला, ताज्या प्रमाणपत्रासकट. दोन्ही यंत्रं जोडली.

दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यापासून बरोबर होती.

तिसरं यंत्र आणलं, मग चौथं. मला जोडलं. २४०. २४०.

माझं प्रमाणपत्रही, म्हणजे तो १९८चा आकडा, चार वर्षांपूर्वीचं होतं. ते तपासायचं मला सुचलं नाही. पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या. मास्तरांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकदाच म्हणाले, डॉक्टरांना दाखव. या वेळी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

९ जानेवारी

मज्जातंतूंच्या डॉक्टरबाईंची वेळ आज मिळाली. त्यांनी हस्तांदोलन केलं आणि माझा हात सुटायची वाट पाहिली. अंगठ्याच्या बुडाशी छोट्या हातोडीने टिचकी मारली. अंगठा आत वळला आणि तिथेच राहिला, मग सावकाश परत आला. आपलाच अंगठा, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्याच्या असल्यासारखी बघत होते. डोळे घट्ट मिटा म्हणाल्या. मिटले. पापण्यांचे केस बाहेरच राहिले, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, हसा. मी थांबले. त्या पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने हसा ना जरा. मी म्हटलं, हसतेय.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. एका जनुकातला एक तुकडा पुन्हापुन्हा लिहिला जातो, आणि पिढीगणिक लांबत जातो. आकडलेला स्नायू सैल पडत नाही. डोळे, घसा, झोप, आतडी, हृदय. एकच दोष, सगळीकडे. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. रक्ताचा अहवाल नंतर येईल, पण त्यांना शंका नाही. मी वही दाखवली. त्यांनी रिकाम्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही कोण. मी सांगितलं, ताईचं बाळ, अजून पोटात आहे. त्या म्हणाल्या, आजच्या आज ताईच्या डॉक्टरांना कळवा. अशा बाईला नेहमीसारखी पूर्ण भूल दिली तर श्वास परत येत नाही, हृदय थांबू शकतं. आणि दोष आईकडून आला की बाळाला सगळ्यात जड जातो.

पुतळा. आखडू. थंड. सव्वीस वर्षं मी याला माझा स्वभाव समजत होते.

घरी येऊन आत्याला खोलीत नेलं आणि सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, माहीत आहे.

आजोबांच्या वेळीच एका डॉक्टरने नाव सांगितलं होतं. बाबा गेल्यावर आत्याने माझ्या आईला खरं सांगितलं. आठ दिवसांत आई मला घेऊन गेली. आत्या म्हणाली, खरं बोलून मी एक पोर घालवली, आता दुसरी घालवू? जावई लाखात एक आहे, पण परका आहे. सोमवारी तपासणी आहे ना, मी स्वतः डॉक्टरांच्या कानावर घालते. त्याला नको, तिला नको. चार दिवसांनी काय बिघडतंय? आणि मग, अगदी हळू : तूसुद्धा जाशील ना आता?

मी म्हटलं, नाही जाणार. आणि म्हटलं, सोमवारपर्यंत थांबते.

कारण नोंदवते. तिने माझा हात धरला होता, आणि मला तो सुटायला नको होता.

१० जानेवारी

हृदयाच्या डॉक्टरांनी छातीला चोवीस तास ठोके नोंदवणारी पट्टी लावली.

सकाळी सगळ्यांचे हात पाण्यात. भावजी काहीतरी विनोद करत होते. मी पाण्यात माझे हात कुठले आणि बाकीच्यांचे कुठले, ते बघत होते.

११ जानेवारी

पट्टीत दोन ठिकाणी हृदय थांबलेलं आहे. एकदा २.९ सेकंद, एकदा ३.४. मला काहीच जाणवलं नव्हतं. ठोका सांभाळणारं छोटं यंत्र छातीत बसवावं लागेल. खाट सोमवारी मिळते म्हणाले. मी म्हटलं, सोमवारी नको, सोमवारी ताईची तपासणी आहे. नंतरची तारीख घेतली : गुरुवार, २३.

दुपारी ताई म्हणाली, तू हल्ली माझ्याकडे यंत्राकडे बघावं तसं बघतेस. मग माझा हात पोटावर ठेवला. मी सांगणार होते. वाक्य तयार होतं. ती झोपली.

१२ जानेवारी. रविवार.

११:४०. आत्याला बरं नव्हतं, वर झोपली होती; तिचं औषध आणायला बाहेर गेले होते. परत आले तर दुकानाचं दार उघडं, फरशीवर पाणीच पाणी. काका खुर्चीत. म्हणाला, पाणी एकदम गेलं, नाळ खाली आली, भावजींनी ताईला उचलून व्हॅनमध्ये घातलं, चौकातल्या प्रसूतिगृहात नेलं. हॉस्पिटल लांब म्हणून.

धावले. पाय अडखळतात माझे. दोनदा पडले.

१२:०५. पोचले. आत नेलं होतं. पूर्ण भूल. दुसरा इलाज नव्हता, बाळ गुदमरत होतं. भावजींच्या हातात फॉर्म होता. कुटुंबात काही आजार? त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : नाही.

ते खोटं बोलले नव्हते.

मी दार ठोठावलं. सांगितलं. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. आतली बाई ऐकता ऐकता धावली.

पंचवीस मिनिटं. फक्त पंचवीस—

१३ जानेवारी

दोघींना आमच्या हॉस्पिटलात हलवलं. मुलगी आहे. रडली नाही. श्वास नळीतून. ताई दुसऱ्या मजल्यावर, तिचाही श्वास नळीतून.

आज सोमवार. तपासणीची वेळ दहाची होती.

१४ जानेवारी

ताई गेली. दुपारी, १२:५२. मॉनिटर मी नोव्हेंबरात तपासलेला होता. रेघ सरळ झाली तेव्हा सिस्टर म्हणाली, तार सुटली का बघा. मी बघितलं. सुटली नव्हती.

आत्या, काका, मी. भिंतीशी उभे होतो. बाहेर कुणीतरी कुजबुजलं, काय दगडाची माणसं आहेत, एकाच्या डोळ्यांत पाणी नाही, एकाचा चेहरा हलत नाही.

आम्ही रडत होतो. अशाच चेहऱ्याने रडतो आम्ही—

१६ जानेवारी

भावजींना डॉक्टरांनी नाव सांगितलं. मग ते माझ्याकडे आले. विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, नऊ तारखेपासून. आणि चिठ्ठ्यांचंही सांगितलं. डिसेंबरात ईसीजी निघाला असता तर कळलं असतं, तेही सांगितलं. तुम्ही सोडून जाल अशी आत्याला भीती होती, तेही.

फॉर्मची घडी त्यांच्या खिशात होती, ती काढून पाहिली, पुन्हा ठेवली. म्हणाले, मला सांगितलं असतं तर मी कुठे जाणार होतो? व्हॅन घेऊन?

आत्या जिन्यात बसून आहे. सकाळी पाणी ठेवलं नाही.

१९ जानेवारी

भावजींचा निरोप. शिव्या असतील असं वाटलं. फक्त एवढंच : बाळाजवळ येऊन बसत जा, मला ते आकडे कळत नाहीत, सिस्टर घाईत असतात.

गेले. ती काचेच्या पेटीत आहे. वरचा ओठ तंबूसारखा उचललेला. पावलं आत वळलेली. पापण्या अर्ध्यावर.

बोट तिच्या तळव्यात ठेवलं. धरत नाही. ताकदच नाही.

बाबा. ताई. मी. ही.

२१ जानेवारी

काल जिन्यात भोवळ. क्षणभरच. हृदयाचे डॉक्टर चिडले, आज भरती व्हा म्हणाले. पण उद्या सकाळी तिची नळी काढून बघणार आहेत. स्वतःचा श्वास घेते का. घेतला तर जगेल, म्हणाले. उशिरा चालेल, उशिरा बोलेल, पण जगेल.

भावजी म्हणाले, तू मोज. तुझ्याशिवाय कुणाच्या मोजण्यावर माझा विश्वास नाही.

माझ्यावर. विश्वास.

एक दिवस. गुरुवारी होते भरती.

२२ जानेवारी

११:१८. बसायला स्टूल दिलं. भावजी काचेपलीकडे. त्यांना मी बोटांनी आकडा दाखवायचा, असं ठरलंय.

११:२०. नळी काढली.

काही नाही.

काही नाही. चौदा सेकंद—

एक.

पोट हललं. छाती नाही, पोट. चालेल.

दोन.

तीन. रंग ठीक. मॉनिटरवर प्राणवायू ९१.

बोटं दाखवली. भावजींचं कपाळ काचेला.

चार. पाच. मधलं अंतर कमी होतंय. चांगलं आहे. ९३.

सहा. आवाज आला. रडणं नव्हे. पण आवाज. तिचा.

हे ताईला—

सात.

उजेड कमी झालाय खोलीतला. ढग असेल. स्टूल जरा—

आठ. ९५. स्वतःच्या जोरावर. लिहून ठेवते, ११:२२, स्वतःच्या जोरावर

नऊ

भावजी का उठले, हात का हलवतायत, ती घेतेय की श्वास, तिच्याकडे बघा, माझ्याकडे न—

द